जुन्या आंबेगावची गोटी सोड्याची बाटली

जुन्या बाटल्या जमवणाऱ्या बाईला घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, पाहुण्यांना माझी ओळख ‘आमची भंगारवाली’ अशी करून देतो. तरीही यंदा मे महिन्यात चार दिवसांची रजा मिळाली आणि मी शिवाजीनगरला नाशिककडची एसटी पकडली. मला हवी होती गोटी सोड्याची बाटली, तीही एखाद्या गावातल्याच कारखान्याचं नाव काचेत उठवलेली.

अडीच तासांत आळेफाटा. फाट्यावर पंधरा रुपयांत झणझणीत मिसळ खाल्ली आणि नाक पुसत भंगाराच्या दुकानात शिरले. दुकानदारानं लगेच एक गोटीची बाटली पुढे केली.

“शंभर वर्सांची हाय, ताई.”

मी तिच्या अंगावरून बोट फिरवलं. साच्याची शिवण पार ओठाच्या काठापर्यंत गेलेली. जुन्या बाटलीचं तोंड कारागीर नंतर हातानं लावायचा, त्यामुळे शिवण मानेपाशीच विरून जाते. हे सांगितल्यावर गडी जराही ओशाळला नाही.

“मंग तुमी ओतूरच्या तात्यांकडं जा. सोड्यातलं त्येंना लई कळतं.”

ओतूरच्या स्टँडजवळ तात्यांचं एका खणाचं सोड्याचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढचं, दोन्ही हातांवर काचेचे जुने वण. मी काय शोधतेय ते ऐकून ते हसायलाच लागले.

“माझ्या वडलांचा कारखाना व्हता जुन्या आंबेगावात. बाटल्यांवर गावाचं नाव व्हतं. गाव धरणात गेलं. आता एक बी बाटली न्हाई.”

“धरणात गेल्या?”

“धरणाचं कशाला नाव घ्या? निम्म्या आमीच फोडल्या, गोट्या काढायला. लई मार खाल्ला.”

उन्हाळ्यात डिंभ्याचं पाणी उतरलं की जुन्या गावाचे चौथरे उघडे पडतात, हेही त्यांनीच सांगितलं. मग काय, उद्याच दोघांनी जायचं ठरलं. लॉज शोधते म्हटलं, तर त्यांच्या सुनेनं माझी पिशवी उचलून थेट आत नेली. रात्री पिठलं-भाकरी झाली आणि सोबत फुकटातला लिंबूसोडा.

दुसऱ्या दिवशी ओतूर ते जुन्नर, जुन्नर ते घोडेगाव अशा दोन एसट्या आणि पुढे धरणापर्यंत जीप, माणशी दहा रुपये. पाणी आणि टोपी बरोबर घ्याच, तळात सावली औषधालाही नाही. वाळून तडकलेल्या गाळातून तात्या मात्र आपल्या आळीत निघाल्यासारखे चालत होते. एका चौथऱ्यापाशी थांबले, मागच्या बाजूला दहा पावलं मोजली आणि म्हणाले, “हितं फुटक्या टाकायचो.”

आम्ही दोघं खुरपी घेऊन बसलो. दोन तास नुसते तुकडे. मानेचे, बुडाचे, कुठे अर्धं ‘आंबे’. मग माझं खुरपं गुळगुळीत कशाला तरी लागून घसरलं. बोटांनी गाळ काढत गेले, तर बाटली अख्खी निघाली. आत गोटी, अंगावर ‘आंबेगाव’. शिवण मानेशी विरलेली. मी तिथेच गाळात फतकल मारली आणि वेड्यासारखी हसत सुटले. तात्यांनी ती उन्हाकडे धरून तडा आहे का बघितलं, नखानं टिचकी मारली. खणखणीत वाजली.

“भरून बघायची का?” ते म्हणाले.

माझं हसू गेलं. गाळात मुरलेली काच, त्यात गॅसचा दाब. फुटली तर जगातली ही एकच बाटली गेली.

“तुमाला घावली, तुमची हाय,” तात्या म्हणाले. “न्हाई म्हणा, मी पुन्यांदा इचारनार न्हाई.”

परतीच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसले आणि जुन्नरपर्यंत ‘नाही’ची तयारी केली. पण माझ्या घरी चाळीस बाटल्या आहेत आणि एकीचाही गोटी दाबतानाचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. ओतूर आलं तेव्हा मी हो म्हणून बसले होते.

सकाळी तात्यांनी बाटली धुतली, तोंडात नवा रबरी वायसर बसवला आणि ती यंत्राच्या लोखंडी पेटीत ठेवली. वरून गोणपाट टाकलं. मला दाराबाहेर उभं केलं. दांडा फिरू लागला तशी मी कानांवर हात दाबले, पण लगेच काढले, आवाजासाठीच तर एवढं केलं होतं. यंत्र थांबलं. तात्यांनी बाटली बाहेर काढली. गोटी वर जाऊन घट्ट बसली होती. त्यांनी अंगठा रोवला आणि दाबला. फटाक! अर्धा सोडा त्यांच्या सदऱ्यावर, उरलेला आम्ही वाटून प्यायलो. सून म्हणाली, “मामंजी, रडताय काय?” ते म्हणाले, “गॅस गेला डोळ्यात.”

तात्यांनी हौसेनं ती पुन्हा भरली. तेवढ्यात पिंपरी पेंढारचा एक कांदेवाला आला. त्यानं समोर दिसली तीच बाटली उचलली, गोटी दाबली, गटागटा प्याला, पैसे टाकले आणि रिकामी बाटली इतरांच्या रांगेत ठेवून चालता झाला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तात्यांनी ती रांगेतून काढली आणि माझ्यासाठी कागदात गुंडाळायला घेतली. मी त्यांचा हात धरला. “राहू द्या, तात्या.” त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

चारशे रुपयांत तीन दिवस झाले. वाईट वाटलं का? नारायणगाव येईपर्यंत वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी सुधीरनं पिशवी उलटीपालटी करून बघितली. आत फक्त चिखलाचे कपडे.

“सापडली नाही?”

“सापडली.”

“मग कुठंय?”

“कामावर.”