पूजलेल्या गाडीला पाय कोण लावणार?

माझी फजिती ऐकायचीच म्हणता? बरं. आधी तो चहा संपवा, नाहीतर हसताना माझ्याच धोतरावर सांडाल. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो, यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. मी पुष्कळ शोधला, सापडला नाही.

सोलापूरला गिरणीत कापडाच्या गोदामात मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालेलं. सासुरवाडी मोहोळची. सासऱ्यांची तिथं धान्याची आडत होती, पण ती मुलांच्या हाती देऊन ते मोकळे झाले होते. मी त्यांना मामा म्हणायचो. मामा बोलायचे फार कमी. किती कमी? लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी तासभर माझं गुणगान केलं. सगळं ऐकून मामा म्हणाले, "हं." आम्ही तो होकार धरला आणि मांडव घातला.

आमच्या गोदामाचे जुने हेड दसरा झाला की काम सोडणार होते. त्यांची जागा मलाच मिळणार, असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे, मी मोहोळला तसं पत्रच धाडलं होतं! मग आता जागा मिळाली नाही तर पहिल्या दिवाळसणाला कोणत्या तोंडानं जायचं, सांगा बघू?

आणि ही जागा अडकली होती एका गाडीत.

त्या वर्षी गिरणीत विलायतेहून विजेची गाडी आली होती. बैल नाही, वाफ नाही, पोटात बॅटरी. कापडाच्या गाठी लाकडी पाटावर रचून ठेवायच्या, गाडी त्या पाटाखाली घुसवायची, दांडा ओढला की पाट गाठींसकट वर! मागं चालवणाऱ्यानं उभं राहायचं. एका हातात वळवायचा दांडा, दुसऱ्या हाताशी वेगाची मूठ, आणि पायाखाली पायपट्टी. ही पायपट्टी म्हणजे सगळी किमया. दाबून धरली तर गाडी चालणार. पाय उचलला की वीज बंद, ब्रेक लागला, गाडी जागच्या जागी उभी. माणूस पडला, घसरला, घाबरला, तरी गाडी पुढं जाणार नाही.

गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. गोदामात ते वाचू शकणारा मी एकटा. म्हणून इंजिनियरसाहेबांनी मला गाडीचा इनचार्ज केलं. साहेब विलायतेचे, मराठी झकास बोलायचे, फक्त लहानथोर सगळ्यांना "तू" म्हणायचे.

"तू पाटी लिही," ते म्हणाले. "मोठी लिही. सगळा माणूस वाचला पाहिजे."

मी लिहिली. भिंतभर! बॅटरीत वाफेचे थंड केलेले पाणीच घालावे, विहिरीचे घालू नये. बॅटरीजवळ विडी, चिलीम, दिवा आणू नये. गाडीवर माणसे बसवू नयेत. चालवणाऱ्याने गाडी चालू असता जागा सोडू नये. पायपट्टीवर पायाखेरीज दुसरे काहीही ठेवू नये. शेवटच्या वाक्याखाली मी तांबड्या रंगानं दोन रेघाही ओढल्या. अक्षर काय टपोरं आलं होतं म्हणता!

मग रोज सकाळी मी हात मागं बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचो. इनचार्जनं आणखी काय करायचं असतं?

गाडी चालवायचा सिद्राम. होटगीचा गडी, आधी बैलगाडी हाकायचा. आठ दिवसांत त्यानं ती गाडी अशी हाती घेतली की साहेब खूश. गोदामापासून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत, म्हणजे माल चढवायच्या रुळापर्यंत, सरळ वाट, आणि वाटेत मारुतीचं देऊळ. सिद्राम तिथं पायपट्टीवरून खाली उतरायचा, गाडी आपोआप थांबायची. हा दोन्ही हात जोडून डोळे मिटायचा, पुन्हा चढायचा, गाडी पुढं. साहेबांनी एकदा लांबून पाहिलं आणि मला म्हणाले, "बघ, मध्ये थांबून तपासतो. चांगला माणूस." आम्ही माना डोलावल्या.

आता आली खंडेनवमी. त्या दिवशी गिरणी बंद. माग पुसायचे, धोटे धुवायचे, हत्यारापात्याची पूजा करायची. मामा मुद्दाम मोहोळहून आलेले, जावयाचा रुबाब बघायला. मी त्यांना थेट पाटीसमोर नेऊन उभं केलं. त्यांनी चष्मा लावला, पाटी वाचली. चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचली. मग खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरत म्हणाले, "हं."

गाडीची पूजा मी स्वतः केली. आणि नियम? एक मोडला असेल तर शपथ! निरांजन दहा हात लांब ठेवून ओवाळलं. एकानं सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी लोटीतून आणलं होतं, ते बॅटरीत घालतो म्हणाला. मी त्याचा हातच धरला. "देवाचं असलं तरी पाणी तळ्याचं आहे," म्हटलं. गोदामातल्या तराजूची पूजा केली, लोखंडी वजनांना हळदकुंकू लावलं. गाडीला झेंडूच्या माळा तर इतक्या घातल्या की खालचं लोखंड दिसेना. मामांकडं तिरकं बघत होतो, पाहतात की नाही.

तेवढ्यात साहेब आले, घाईत.

"वॅगन आला आहे. अकरा वाजता इंजिन घेऊन जाईल. हा गाठी त्याच्या आत पाहिजे." मग हळूच मला म्हणाले, "तू हे केला, तर गोदाम तुझा."

मामांच्या देखत! मी म्हटलं, "झालंच समजा साहेब." साहेब सायडिंगकडं गेले.

"सिद्राम, घे गाडी."

सिद्राम हलला नाही.

"अवो भाऊसाहेब, पूजा झालीया न्हवं? आता तिला पाय कसा लावू?"

"अरे, पाय लावल्याशिवाय ती चालत नाही!"

"त्ये मला ठावं हाय की. म्हून तर म्हंतो. आज ती देवी हाय. उद्याच्याला सोनं लुटलं की लावतो की पाय."

"उद्या वॅगन नाही रे बाबा!"

"मग तुमी लावा."

मी? मघाशी याच हातांनी हळदकुंकू वाहिलेलं! आणि समोर मामा उभे. जावई देवीच्या डोक्यावर पाय देतो, हे मोहोळात कळलं तर? घड्याळात साडेदहा. मी घामाघूम. अशा वेळी माणसाला जी सुचते तिला आपण अक्कल म्हणतो. मला ती सुचली.

तराजूचं एक मोठं वजन उचललं आणि पायपट्टीवर ठेवलं. गाडी हलताना घसरू नये म्हणून सुतानं बांधलं. सात गाठी मारल्या. काम करायचं तर पक्कं करायचं, हा माझा स्वभाव.

"पण वजनाची बी पूजा झालीया," सिद्राम म्हणाला.

"मग तर उत्तमच की! देवावर देव बसला. पाय कुठं आला?"

सिद्रामनं जरा विचार केला. "व्हय, ह्ये चालतंय," म्हणाला. "मी बाजूनं चालत हाकतो."

बघितलंत? मला इतका आनंद झाला की मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही गाठीवर बसा. चालत कशाला येता?" गाठींची पूजा झालेली नव्हती, त्यामुळं त्यांच्यावर बसायला शास्त्राची हरकत नव्हती. तोवर सिद्रामनं गाठींचा पाट गाडीवर उचलून घेतला होता. शेजारी खोकं होतं. मामा त्यावर चढले आणि गाडीला पाय न लावता गाठीवर जाऊन बसले. भगवा फेटा, हातात काठी, खाली झेंडूच्या माळा. काय शोभत होते!

गाडी निघाली. सिद्राम एका बाजूनं दांडा धरून, मी दुसऱ्या बाजूनं. अगदी माणसाच्या चालीनं. मी मनात म्हणत होतो, हे पुस्तकात लिहायला विलायतवाले विसरले.

मारुती आला. सिद्राम नेहमीप्रमाणे थांबला, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. मीही जोडले, मीही मिटले. जागा मिळू दे म्हटलं, दिवाळसण चांगला होऊ दे म्हटलं.

डोळे उघडले. मारुती जागेवर होता. सिद्राम जागेवर होता. गाडी नव्हती.

ती वीस पावलं पुढं गेली होती. मामांना घेऊन.

"भाऊसाहेब," सिद्राम म्हणाला, "आज ती थांबली न्हाय की वो!"

कशी थांबेल? सात गाठी! मी धावलो. लोकांना वाटतं, चालीनं जाणारी गाडी पकडायला काय लागतं? मीही तेच समजत होतो. दोन ढांगांत गाठली. चढायला पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. देवी! पाय खाली घेतला, तोवर गाडी पुढं.

मग वीज तोडायचा खटका शोधू लागलो. तो झेंडूखाली. माळा ओढतोय, पाकळ्या हातात येताहेत, खटका काही येत नाही. शेवटी हात वेगाच्या मुठीला लागला. आता एक कबूल करतो, तुम्ही बाहेर बोलू नका. पाटी मी लिहिली होती, फेऱ्या मी मारत होतो, पण गाडी मी जन्मात कधी चालवली नव्हती. मूठ इकडं फिरवायची की तिकडं? मी इकडं फिरवली.

गाडी चालत होती, ती पळायला लागली!

दोन्ही बाजूंना विणकाम खात्यातली मंडळी नव्या कपड्यांत उभी. "अडवा! अडवा!" मी ओरडलो. पण ढोल वाजत होते, ऐकतो कोण? त्यांना दिसलं ते एवढंच, फुलांनी मढवलेली गाडी, वर भारदस्त म्हातारा, मागं हात वर करून नाचत येणारा कारकून. त्यांनीही हात वर केले. कोणी गुलाल उधळला. एका म्हातारबाबानं गाडीपुढं नारळ फोडला, आणि गाडी तो ओलांडून गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सायडिंगच्या फाटकावर जमादार. तो फाटक लावील अशी माझी आशा. त्यानं दोन्ही दारं सताड उघडली आणि सलाम ठोकला.

"क्या बाबू, जुलूस निकाल्या और हमना बोल्या बी नै!"

पुढं फलाट. फलाटाच्या टोकाला साहेब, हातात घड्याळ. टोकाच्या पुढं खाली रूळ. आणि गाडीवर मामा! खरं सांगतो, त्या क्षणी जागा, दिवाळसण, काही आठवलं नाही. बायकोला जाऊन काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी मट्कन खाली बसलो.

मामांनी एकदा पुढं पाहिलं. एकदा मागं पाहिलं. मग गाठीवरून शांतपणे मागच्या बाजूला सरकले, खाली वाकले, खिशातून अडकित्ता काढला आणि माझ्या सात गाठींचं सूत एका दाबात कातरलं. काठीच्या टोकानं वजन बाजूला ढकललं. पायपट्टी वर आली. खट्!

गाडी थांबली. साहेबांच्या बुटापासून चार बोटं अलीकडं.

साहेबांनी गाडीकडं पाहिलं, वजनाकडं पाहिलं, गुलालानं माखून बसलेल्या माझ्याकडं पाहिलं. मग मामांना विचारलं, "तू कोण?"

"ह्यांचा सासरा," मामा म्हणाले.

"तुला कसा कळला, काय करायचा?"

"पाटी वाचली," मामा म्हणाले. "अक्षर चांगलं आहे."

इतके शब्द मी त्यांच्या तोंडून एका दमात कधी ऐकले नव्हते.

वॅगन वेळेत भरली. मामांनी उभं राहून भरवून घेतली. कोणती गाठ खाली, कोणती वर, कोण कुठं धरणार, सगळं काठीनं दाखवून. आडतीत जन्म गेलेला माणूस! साहेब बघत राहिले. इंजिन गेल्यावर त्यांनी मामांना कचेरीत बोलावलं, खुर्ची दिली. मी बाहेर उभा. मला वाटलं, वडीलधारा माणूस माझ्यासाठी रदबदली करतोय. आतून फक्त एकदा ऐकू आलं, "हं."

तो होकार होता.

होय, तेच! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोदामाचे हेड आमचे मामा. माझी नोकरी राहिली, तीही मामांच्या शब्दावर. त्यांनी गिरणीच्या चाळीत खोली घेतली आणि रोज सकाळी माझ्याआधी गोदामात हजर. मी घरी त्यांच्या पाया पडायचो आणि गोदामात त्यांच्यापुढं हजेरी लावायचो.

दिवाळी आली. मोहोळहून रीतसर आमंत्रण आलं, 'जावईबापूंनी पहिल्या दिवाळसणास अवश्य यावे.' खाली मामांची सही. मी आनंदानं चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला, टपोऱ्या अक्षरात.

अर्ज संध्याकाळी परत आला. 'हेड दिवाळीनिमित्त मोहोळास रजेवर जात असल्याने आपली रजा नामंजूर.'

खाली सही तीच.