मास्तरांची दुरुस्ती

दिनानाथ मोघे ड्रॉइंग मास्तर होते आणि चित्रकारही होते. पगार मात्र मास्तरकीचाच मिळायचा. सहा दिवस मुलींच्या शाळेत पोरींकडून लोट्या-केळ्यांची चित्रं काढून घ्यायची, संध्याकाळी शिकवण्या, म्हणजे चित्रकलेला उरला रविवार. त्या दिवशी रामबागेतल्या त्यांच्या खोलीत विलायती कागद ताणून बसवला की कुणी खोकायचंसुद्धा नाही. त्यांच्या बायकोने, मंगलाबाईंनी, अकरा वर्षं हे निमूट सोसलं. सख्ख्या भावाच्या लग्नालाही त्या एकट्या गेल्या.

एवढं करून फळ काय? मध्यभारताच्या कलाप्रदर्शनातून मोघ्यांचं चित्र चार वर्षं परत येत होतं. त्रेपन्न साली त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "इस बार भिंतीवर नाही लागलं तर बस. ब्रश फेकून देतो, आणि फक्त मास्तरकी."

सात रविवार खपून त्यांनी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे राजघराण्याच्या दगडी समाध्या, काढल्या. दगड न् दगड जागेवर. तेवढ्यात हेडबाई लीलाताईंचं टुमणं सुरू झालं, विद्यार्थी गटात शाळेचंही एक चित्र हवं. मोघ्यांनी कपाटातून मॅट्रिकच्या पद्मजाचं चित्र काढलं. खजरान्याच्या देवळाबाहेरची बांगडीवाली. फॉर्मवर 'हे विद्यार्थिनीचे स्वतःचे काम आहे' असं छापलेलं होतं, त्याखाली त्यांनी सवयीने सही ठोकली.

आता ड्रॉइंग मास्तरांची एक खोड असते. पोरीच्या पाठीमागे उभं राहायचं, "बघ हं" म्हणत तिच्या हातातला ब्रश घ्यायचा आणि दोन हात मारून चित्र सुधारून द्यायचं. यालाच दुरुस्ती म्हणतात. मोघ्यांचे मास्तर तसंच शिकवायचे. या चित्राची दुरुस्ती करताना मात्र मोघे घंटा होईपर्यंत थांबलेच नव्हते. आभाळ त्यांचं, बांगड्या त्यांच्या, म्हातारीचा चेहरा त्यांचा. पद्मजाचे उरले होते दुकानाच्या बाकड्याचे चार पाय. आणि हे सगळं मोघे घरी पोचेपर्यंत विसरूनही गेले होते.

उद्घाटनाला ते धुतलेला कोट घालून मंगलाबाईंसोबत गेले. छत्र्या कुठेच नव्हत्या. पद्मजाची बांगडीवाली मात्र दालनात शिरताच समोर दिसेल अशी लावलेली, खाली पहिल्या बक्षिसाची पट्टी. ग्वाल्हेरहून आलेल्या परीक्षकांनी मोघ्यांच्या पाठीवर थाप मारली.

"मास्टरजी, लड़की के हाथ में जान है। आपके चित्र में मेहनत बहुत है, बस मेहनत ही है। कभी इससे भी सीखिए।"

मोघ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझाच हात आहे तो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण फॉर्मवर सही कुणाची होती? तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती आणि पोरीची छी-थू झाली असती ती वेगळीच.

पद्मजा पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, चेहरा तर तुम्हीच केलाय न. सांगून टाकू?"

"चूप. तुझंच आहे ते," मोघे खेकसले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली.

मंगलाबाई त्या चित्रापुढून हलेनात. अकरा वर्षं नवऱ्याची चित्रं पुसत-झटकत आल्या होत्या. त्यांना कोण फसवणार?

"अहो, हे तर तुम्ही काढलंय."

मोघ्यांनी मान डोलावली.

"किती दिवस लागले?"

"दिवस कसले? वीसेक मिनटं."

मंगलाबाईंनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "मग इतकी वर्षं घरी काय करत होता हो?"

उत्तर मोघ्यांना त्या क्षणी पुरतं कळलं होतं. शाळेत कागद दुसऱ्याचा, बिघडला तर बिघडला, म्हणून हात मोकळा चालायचा. घरी प्रत्येक रेघेला परीक्षकाची धास्ती. जिला अकरा वर्षं गप्प बसवलं, तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? "चल, उशीर होतोय," एवढंच ते म्हणाले, आणि तिची वाट न बघता बाहेर पडले.