चिखलाला ऊन दाखवू नये

अख्ख्या पुण्यात माणसांपेक्षा चिखलाशी जास्त अदबीने वागणारी एकच बाई आहे आणि ती माझी नणंद आहे, हे मी अभिमानाने सांगते. ताई कॉलेजात मातीतल्या जंतूंचा अभ्यास करतात. आमच्या हडपसरच्या घरी पाहुणे आले की त्या आधी चपलांचे तळ बघतात, मग चेहरा. मंडईतून बटाटे आणले की बटाटे मला आणि माती त्यांना. गंजका खिळा फेकू लागलं तर म्हणतात, "राहू द्या. कुणाचा तरी श्वास आहे तो."

या वेडाला कारण होतं. सासूबाईंचं माहेर लोणी काळभोरचं. तिथल्या विहिरीत शेजारच्या पंपाच्या टाकीतून पेट्रोल झिरपलं आणि पाण्याला वास मारू लागला. "मरायच्या आधी त्या पाण्याचा एक तांब्या मिळंल का गं?" असं त्यांनी लेकीला विचारलं आणि आमचं ओट्याखालचं कपाट तिथल्या लाल मातीच्या बुचबंद बाटल्यांनी भरलं. ताईंचं म्हणणं असं, की खोल मातीत हवा नसते; तिथले जंतू पेट्रोल खातात आणि आपण हवा घेतो तसा गंज वापरतात. लाल माती काळी पडली की समजायचं, पंगत बसली.

एकदा ताई परगावी गेल्या असताना सासूबाईंनी कपाट आवरायला काढलं. काळ्या पडलेल्या बाटल्या पाहून त्यांचा जीव कळवळला. लोणच्याच्या बरणीला करतात तेच त्यांनी केलं. बुचं काढली, तोंडाला फडकी बांधली आणि सगळ्या बाटल्या गच्चीत उन्हाला लावल्या. हवा लागली की हे जंतू कामातून जातात. ताई परतल्या तेव्हा माती पुन्हा तांबूस झाली होती. कित्येक महिन्यांचं काम गेलं. मी घाबरून चहा टाकला. ताईंनी एकेक फडकं सोडून त्याची घडी घातली आणि म्हणाल्या, "आई, लोणचं असतं तर छान मुरलं असतं." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा लोणीला माती आणायला गेल्या.

पुढे विहिरीभोवती भोकं पाडून त्यांनी जंतूंना गंजाची पूड पुरवली. दर तपासणीनंतर "अजून नाही" एवढंच सांगायच्या. यंदा अहवाल स्वच्छ आला. त्या दिवशी ताई बसमधून, मांडीवर तांब्या धरून घरी आल्या.

सासूबाईंनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. "एवढा कुटाणा केलास. पाणी तर तेच हाय की."

"हो आई, तेच आहे," ताई म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

आता ओट्याखालचं कपाट रिकामं आहे. त्या जागेसाठी मी किती कुरकुर केली होती. अजून तिथे एकही डबा ठेवलेला नाही.