उखाण्यानंतर

अमेरिकेत शॉमबर्गला राहायचो तेव्हाची गोष्ट. मराठी मंडळातून फोन आला, की पोलीस स्टेशनात दुभाषी हवाय, म्हणून मी गेले.

ती सव्विशीची असेल. हाताला प्लास्टर. ऑफिसर खोलीत आला की ती उठून उभी राहायची, वर्गात सर आल्यासारखी. मी दर वेळी म्हणायचे, "अगं, बस गं."

हात कोणी मोडला, या प्रश्नावर तिचं एकच उत्तर. "ह्यांनी."

"नाव सांगावं लागेल," मी म्हटलं. मी स्वतः नवऱ्याला अरे-तुरे करणारी. एरवी हसले असते.

"ताई, माझा व्हिसा ह्यांच्या नोकरीवर आहे. पोलिसांत गेलीस तर तुलाच परत पाठवतील, म्हणालेत."

शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी समजावलं, की गुन्ह्याला बळी पडलेल्यानं तपासाला मदत केली, तर त्याला इथं राहण्यासाठी संरक्षण मागता येतं. मिळेलच असं नाही, वेळही लागेल. मी ते सगळं मराठीत सांगितलं.

"कोर्टातपण मलाच बोलावं लागेल?"

"हो."

मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट, बसल्या जागेवरून. ऑफिसर माझ्याकडे बघत राहिला. नावाचं भाषांतर मी काय करणार?

बाहेर पडताना ती म्हणाली, "लग्नात सगळ्या बायका मागे लागल्या, तेव्हा उखाण्यात घेतलं होतं, ताई. त्यानंतर आजच."