मानवतच्या बाजारात मागितलेला पगार

मी शिकलो तो दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. निजामाच्या राज्यात मानवतला एका कापसाच्या अडतीवर तो गुमास्ता होता. स्वतः चौथीपुढे गेला नाही. मी परभणीच्या शाळेत बोर्डिंगात राहत होतो, ते त्याच्या पगारावर.

पगार महिन्याला हातात पडत नसे. शेठकडे जमा राही, दिवाळीला हिशेब होई. नोकरांची पत्रंही दुकानाच्या पत्त्यावर येत आणि शेठ ती आधी फोडून वाचे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. वहिनी बाळंतपणाला ताडकळसला माहेरी गेली होती. तिनं भावाकडून लिहवून घेतलेलं पत्र शेठनं गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचलं. 'तुमच्याबिगर घास उतरंना' या ओळीला सगळं दुकान हसलं. दादानं त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. शेठ म्हणाला, दिवाळीआधी गेलेल्याला काही मिळत नाही. माझी मॅट्रिकची फी त्याच पैशांतून जायची होती.

पुढच्या बाजाराला दादा सौद्याच्या जागी जाऊन उभा राहिला. कापसाचा भाव तिथं तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली बोटं धरून ठरवत. शेठच्या वतीनं रुमालाखाली हात असे तो दादाचाच.

"शेठजी, तुमचा रुमालाखालचा भाव मी कधी बायकोलाबी सांगितला न्हाई," तो म्हणाला. "तिचं बोलणं तुमी बाजाराला ऐकवलं. ते काय आता माघारी येत न्हाई. माझा पगार तेवढा द्या."

कोणी हसलं नाही. एक म्हातारा व्यापारी रुमाल खांद्यावर टाकत म्हणाला, "आधी याचा हिशेब करा, शेठ. सौदा मागून."

पैसे मिळाले. मी मॅट्रिक झालो. पण शेठला भर बाजारात बोललेला माणूस मानवतात पुन्हा कोणी कामावर ठेवला नाही. वहिनीला आणि तान्ह्या मुलीला घेऊन दादा सोलापूरला गिरणीत गेला. त्यानंतर सुट्टीत मानवतच्या घरी जायची मला ओढ उरली नाही.

चार वर्षांनी हैदराबादेत माझा बी.ए.चा निकाल लागला, त्या दिवशी दादाला लिहिलं:

"तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार. मी पास झालो. इथं ते सांगायला आपलं कोणी नाही. परभणीच्या शाळेत मास्तरकी मिळते आहे. दोन खोल्या बघतो. मानवतला नका येऊ, परभणीला या. मुलगी आता चुरूचुरू बोलत असेल. तिला काका म्हणायला शिकवून आणा. स्टेशनवर मी येतो."