मोजणीदाराच्या वतीने

आमच्या वाचनमंडळाचा एक नियम मीच घालून दिला आहे. कादंबरी वाचून झाली की तिच्यातील माणसे आपसांत वाटून घ्यायची. ज्याच्या वाट्याला जे पात्र येईल, त्याने त्या दिवसापुरते ‘मी’ म्हणून बोलायचे आणि इतरांनी त्याला प्रश्न विचारायचे. मात्र प्रत्येक उत्तर कादंबरीतूनच निघाले पाहिजे. शंका आल्यास कोणीही ‘कोणते पान?’ असे विचारू शकतो. पान दाखवता आले नाही, तर उत्तर मागे घ्यावे लागते. मुलांनी धडा नीट वाचावा म्हणून ही रीत मी वर्गात वापरत असे. ती मोठ्यांनाही मानवते.

मंडळात आता आम्ही चौघेच उरलो आहोत. कोठी भागातील एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी जमतो. एक वकील आहेत. त्यांच्या घरात निजामाच्या काळापासून वकिली चालत आली आहे. दुसरे अफझलगंजात पाण्याच्या पंपांचे दुकान चालवणारे शेठ. त्यांची शेती अजून मराठवाड्यात आहे. तिसऱ्या म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, आमच्यात वयाने सर्वांत लहान. आमची नातवंडे तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलतात आणि मराठी पाटी अडखळत वाचतात. तेव्हा पाचवा कोणी येणार नाही, हे आम्ही मनोमन मान्य केले आहे.

मी नारायणगुड्यात राहतो. पत्नी गेल्यापासून एकटाच. मुलगी परदेशात आहे. ती नियमित फोन करते, तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार नेमकी कशाविषयी आहे, हे मला बराच काळ मांडता येत नव्हते. घरात काही कमी नाही. फक्त दिवसभरात जे पाहिले ते सांगायला कोणी नसते. आणि सांगायचेच नाही म्हटल्यावर माणूस हळूहळू पाहणेही सोडून देतो. इतक्या वर्षांत हे तिघे माझ्या घरी कधी आले नाहीत, मीही त्यांच्याकडे गेलो नाही. बैठक संपते, पुस्तके मिटतात आणि जो तो जिना उतरून आपल्या वाटेने जातो. त्यांच्यापैकी एकाने तरी कधी माझ्याकडे यावे, असे मला फार वाटू लागले होते.

त्याच सुमारास आम्ही एक कादंबरी घेतली. जिल्ह्याच्या गावातील एका खानावळीत चार माणसे वर्षानुवर्षे जेवतात, पण वेगवेगळ्या टेबलांवर. बाकीच्यांना आपली सोबत नको असेल, असे प्रत्येकाला वाटते. शेवटी खानावळ बंद होते आणि ती चौघे चार ठिकाणी जेवू लागतात. कथानक एवढेच. माझ्या वाट्याला जमिनीचा मोजणीदार आला. तो रोज आपली पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवतो, म्हणजे खुर्ची रिकामी आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये.

वकिलांनी उलटतपासणीच्या थाटात सुरुवात केली. “काय हो मोजणीदार, समोरच्याला ‘इकडे बसा’ म्हणायला तुमचं काय जात होतं?”

मी प्रथम कादंबरीतले उत्तर दिले, पानासह. मग वाटले, आपण ‘मी’ म्हणूनच तर बोलत आहोत. यापेक्षा सोपी वाट आपल्याला मिळणार नाही.

“सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द होतात,” मी म्हणालो. “त्यानंतर दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. कधी कधी मी पेपर मोठ्याने वाचतो. तुमच्यापैकी कोणी जाताना माझ्याकडे चहाला आलं, तर मला फार बरं वाटेल. पण हे म्हणायचं कसं, ते मला येत नाही.”

वकील पाने चाळू लागले. “कोणतं पान, मास्तर?”

पान आठवत नाही, असे मी सांगितले.

“आठवेल कसं? तसं काही नाहीच,” ताई म्हणाल्या. “दूधवाला कुठून आणलात, सर? मोजणीदाराच्या खोलीत तर स्टोव्हसुद्धा नाही. म्हणून तर बिचारा खानावळीत जेवतो. हा काय चहा पाजणार?”

“हौ मास्तर, आज तुम्हीच सापडले,” शेठ म्हणाले. “शिकवणाराच नापास.”

सगळे हसले, मीही हसलो आणि नियमाप्रमाणे उत्तर मागे घेतले. त्यांचे काही चुकले नव्हते. आक्षेप अचूक होता. एखाद्या विद्यार्थ्याने तो घेतला असता, तर मी त्याला शाबासकी दिली असती.

पुढे चर्चा रंगली. वकिलांचे म्हणणे पडले की लेखकाने उगाच ताणले आहे. खऱ्या आयुष्यात एका वाक्यात प्रश्न मिटला असता. ताईंना आणि शेठना ते पटले. मी समजावून सांगितले की ते वाक्य उच्चारताना नकाराची भीती फारशी नसते. ऐकणाऱ्याला आपली कीव येईल, ही भीती मोठी असते. वकिलांनी पुन्हा पान विचारले. हे पान मात्र मला दाखवता आले.

बैठक संपल्यावर वकील आणि शेठ पुढे गेले. ताई जिन्यात माझ्यासाठी थांबल्या.

“सर, ते दूधवाल्याचं,” त्यांनी हळूच विचारले, “ते तुमचं स्वतःचं होतं का?”

आजाऱ्याकडे पाहावे तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या. होय म्हणणे एवढेच काम होते. त्यांनी तशा नजरेने पाहिल्यावर मला ते जमले नाही.

“छे,” मी म्हणालो. “पात्रात जरा जास्तच शिरलो.”

“वाटलंच मला.” त्यांचा चेहरा मोकळा झाला. “खरं वाटलं पण अगदी.”

खाली त्यांनी रिक्षा थांबवली आणि मला वाटेत नारायणगुड्याला सोडते म्हणाल्या. मी कोठीत थोडे काम असल्याचे सांगितले. काम काही नव्हते. रिक्षा निघाली तेव्हा मी एका दुकानाच्या बंद शटरवरची पाटी वाचत उभा राहिलो; कारण त्यांनी मागे वळून पाहिले असते, तर मी कामात आहे असे त्यांना दिसायला हवे होते.