इरफानचा रिव्ह्यू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. सांगायचंच म्हणून एकदोनदा घरातून निघालो, वाटेत टपरीवर चहा प्यायलो आणि माघारी आलो. मग तुम्हाला कशाला सांगतोय? खरं सांगू — तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून. एवढ्यावरूनच ओळखा, मी कसला माणूस आहे ते.

केजला माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. त्याच्या जोडीला सिनेमांवर बोलायचं एक चॅनल चालवतो. त्यातही मुख्य म्हणजे सुपरहिरोंचे सिनेमे. हसू नका. अकरावीपासून आम्ही तिघांनी दुसरं काही केलेलंच नाही. तिघं म्हणजे मी, इरफान आणि दत्ता. इरफान केजचाच. त्याच्या अब्बांचं मोटारसायकलचं गॅरेज आहे, आता तोच बघतो. दत्ता नेकनूरचा. घरी मेंढरं, आणि हा रोज एस्टीनं कॉलेजला केजला यायचा. हिंदीत डब केलेले ते सिनेमे आम्ही एकाच फोनवर, डोक्याला डोकं लावून बघितले. कोण कुणाला हरवेल यावरून आठ-आठ दिवस अबोला धरला.

इरफान बोलताना अडखळतो. लहानपणापासून. 'ह' आला, 'म' आला, की त्याचा जबडा जागच्या जागी हलायला लागतो आणि डोळे मिटतात. वर्गात हजेरीला तो नुसता हात वर करायचा. पण सिनेमातला डायलॉग म्हणायला लागला की जीभ कशी सुटायची कोण जाणे! आम्ही दोघांनी त्याच्या बोलण्यावरून कधी चेष्टा केली नाही. दत्तानं तर एकदा एका पोराला त्यावरून नाल्यात ढकललं होतं. मीही नाही केली चेष्टा — त्या दिवसापर्यंत.

चॅनल आधी बरं चाललं होतं. आपल्याकडच्या बोलीत कुणी या सिनेमांवर बोलत नव्हतं. 'लई बेक्कार मारलंय बे' असं म्हटलं की लोक खूश. मग हळूहळू सगळं विटलं. दर दोन महिन्यांनी नवा हिरो. पुन्हा तोच मेलेला बाप, पुन्हा तीच प्रयोगशाळा, पुन्हा शेवटी आभाळात जाणारा निळा झोत, आणि सगळी नावं संपेपर्यंत बसून राहायचं, का, तर पुढच्या सिनेमाचा एक तुकडा दाखवतात. लोक खाली लिहायला लागले — बस झालं आता. बघणारे घटले. एकदा वैतागून मी एका सिनेमाची मनसोक्त टर उडवली, आणि तोच व्हिडिओ धावला. मग काय? मी कंटाळलेला माणूस झालो. खरंच कंटाळलो होतो का? थोडा. बाकीचा कंटाळा मी कॅमेरा सुरू करण्याआधी चेहऱ्यावर चढवायचो.

तेवढ्यात तो सिनेमा आला. आणखी एका नव्या हिरोची सुरुवातीची गोष्ट. ट्रेलर बघूनच लोकांनी नाकं मुरडली. मी बघायच्या आधीच काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. इरफान मात्र तारखेची वाट बघत होता. कारण त्या सिनेमातला हिरो — बोटी दुरुस्त करणारा एक साधा कामगार — बोलताना अडखळत होता.

आम्ही एस्टीनं बीडला निघालो, दत्ता नेकनूरला चढला. थिएटर अर्धंही भरलं नव्हतं. सुरू होण्याआधी मी रिकाम्या खुर्च्यांचं शूटिंग करून घेतलं. 'बघा, कुणी येईना आता' असं दाखवायला. त्यातच माझ्या फोनची बॅटरी गेली.

सिनेमाच्या शेवटी त्या हिरोला अख्ख्या शहरासमोर भोंग्यावरून आपलं नाव सांगायचं असतं. ते अडकतं. ओठ हलतात, आवाज येत नाही. खाली उभी असलेली माणसं आधी कुजबुजतात, मग गप्प होतात, आणि नुसती थांबतात. दुसरं काही घडत नाही. एक माणूस नाव उच्चारतोय आणि शहर थांबलंय. आमच्या मागून कुणीतरी ओरडलं, "आरं बोल की, एस्टी जाईल!" थिएटर हसलं. मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या डोळ्यांना धार लागली होती. दिवे लागायच्या आत मी बाहीनं तोंड पुसून टाकलं.

बाहेर आल्यावर इरफान एकदम म्हणाला, "मा-माझा रिव्ह्यू घे. च-चॅनलला."

इतक्या वर्षांत तो कधी कॅमेऱ्यासमोर आला नव्हता. माझा फोन बंद, म्हणून दत्तानं त्याचा काढला. गाड्या लावतात तिथल्या भिंतीपाशी इरफान उभा राहिला. आधी चांगला बोलला. मग त्याला त्या हिरोचं नाव घ्यायचं होतं आणि ते अडकलं. फार अडकलं. मान झटके खायला लागली, डोळ्यांतून पाणी, तरी तो थांबेना. शेवटी ते नाव बाहेर पडलं आणि तो हसला. काय हसला तो! आणि लगेच भानावर आला. "न्हाई न्हाई. डि-डिलीट कर. कुणी ब-बघायला नको."

दत्ता म्हणाला, "कावून बे? चांगलं बोललास की."

"कर म्हणलं ना."

बसमध्ये दत्तानं फोन माझ्या हातात दिला, म्हणाला, मला ते नीट जमत नाही, तूच कर. इरफान खिडकीला टेकून बाहेर बघत होता. माझा फोन मी ड्रायव्हरमागच्या चार्जिंगला लावून थोडा जिवंत केला होता. दत्ताच्या फोनमधून तो व्हिडिओ मी माझ्यात घेतला. त्याच्यातला तसाच ठेवला. आणि म्हणालो, "झाला डिलीट."

का? तेव्हा नुसतं एवढंच वाटलं होतं की असू द्यावा. पण ते खरं नाही. खरं हे, की मला त्याचा हेवा वाटला. मी इतकी वर्षं कॅमेऱ्यासमोर तोंड वाजवतोय, आणि सिनेमा आवडणं म्हणजे काय हे त्या पोरानं भिंतीपाशी उभं राहून, एक शब्द धड न बोलता दाखवून दिलं. मला जे वाटलं होतं तेच त्याला वाटलं. त्यानं ते सांगितलं. मी बाहीला पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तो व्हिडिओ कापायला बसलो. लग्नातल्या करवल्यांचं नाचणं मी रोज कापतो, माझा हात तयार आहे. त्याचं चांगलं बोललेलं सगळं काढून टाकलं. अडकलेला भाग ठेवला. तो पुन्हा पुन्हा फिरवला, ठेक्यावर बसवला, खाली ढोलकी टाकली. शेवटचं हसू — तेही काढलं. ते ठेवलं असतं तर लोक हसले नसते. वर लिहिलं, 'सुपरहिरोचे सिनेमे कावून बंद करायला पाहिजेत, ते बघा.' माझ्या चॅनलवर नाही टाकला. एक बिननावाचं पान उघडलं आणि तिथं टाकला. म्हणजे मी काय करतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. रागाच्या भरात किंवा चुकून नावं लपवता येत नाहीत.

तो किती जणांनी बघितला ते सांगून काय होणार? केजच्या स्टँडवर पोरं एकमेकांशी तसं बोलायला लागली, एवढं पुरे. गॅरेजवरून जाता जाता गाडी हळू करून 'ह-ह-ह' करायची. इरफान पाना हातात धरून खाली मान घालून काम करायचा. पहिल्या काही दिवसांत पान बंद केलं असतं तर? मी रोज उघडून आकडा बघत होतो. हेही लिहून टाकतो.

त्याच महिन्यात दिंद्रुडला त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. फळांचे व्यापारी, चांगलं घर. अब्बांनी मलाही बरोबर घेतलं, म्हणाले, तू बोलका आहेस, सांभाळून घेशील. सगळं नीट चाललं होतं. सरबत झालं, चहा आला. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या एका पोरानं इरफानकडे बघितलं, खिशातून फोन काढला आणि शेजारच्याला म्हणाला, "अरे, ये वोइच हय ना?" आणि ती ढोलकी वाजली. मी लावलेली ढोलकी. त्या घरात, त्या चहाच्या कपांवर.

कुणीतरी त्याला दटावलं. इरफाननं कप खाली ठेवला, सलाम केला आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसला. पुढं तिकडून नकार आला. दुसऱ्या कशामुळे आला असेल का? असेलही. पण त्या 'असेलही'वर माझा काही हक्क नाही.

परतीच्या वाटेवर तो मागं माझ्या शेजारी बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "कु-कुणी टाकला असंल?"

जीपमध्ये अब्बा होते, ड्रायव्हर होता. मी म्हणालो, "फोन तर दत्ताचा होता."

फक्त एवढंच. बघा ना, यात खोटं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी इरफाननं दत्ताला गॅरेजवर बोलावून घेतलं, मलाही. तो हसत आला, काही माहीत नसल्यासारखा — माहीत नव्हतंच त्याला, महिनाभर मेंढरं घेऊन लांब रानात होता. इरफाननं आधी त्या पानावरचा व्हिडिओ त्याला दाखवला, मग हात पुढं करून त्याचा फोन मागितला. दत्तानं दिला. गॅलरीत जरा मागं गेल्यावर तो व्हिडिओ निघाला. अख्खा, न कापलेला.

इरफान माझ्याकडं वळला. "तू डि-डिलीट केलतास ना?"

दत्ताही माझ्याकडं बघत होता. आधी गोंधळून, आणि मग — तो क्षण मी बघितला — त्याला कळलं. सगळं कळलं. तो म्हणाला, "सांग की बे."

कबुली द्यायची म्हणजे ती इथली. कापणं, ढोलकी, पान, ते सगळं एकट्यानं, शटरआड केलेलं. हे मी दोघांच्या तोंडाकडं बघून केलं. मी म्हणालो, "म्या तर केलता. पण डिलीट केलेला परत काढता येतो."

इरफाननं दत्ताच्या कानाखाली मारली. ऑइलनं काळा झालेला हात, गालावर काळा पट्टा उठला. मग दुसरी. दत्ता अंगानं आमच्या दोघांपेक्षा दांडगा, बिथरलेला मेंढा शिंगाला धरून थोपवणारा. त्यानं हात उचलला नाही. "म्या न्हाई टाकला" एवढंच म्हणाला, तेही एकदाच. माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? पुरावा नव्हता म्हणून? की घेतलं असतं तर इरफानला एका दिवसात दोन मित्र गमवावे लागले असते म्हणून? मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानं फोन उचलला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि स्टँडकडं चालत गेला.

त्याच संध्याकाळी मी ते पान बंद केलं. इरफानसाठी नव्हे. सापडू नये म्हणून.

दत्ता आता पुण्याकडं कंपनीत आहे. त्याचा मला एकदाच फोन आला. भांडला नाही. म्हणाला, "इरफानला म्हणावं, चारचौघांत माझ्या नावानं शिव्या देत जाऊ नको. आई बाजाराला केजला येती, तिला ऐकू येतं." मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोलण्यातून बोलणं निघालं असतं.

इरफान सिनेमे बघत नाही. नवा कुठला आला, कोण कुणाला हरवतं, काही विचारत नाही. गिऱ्हाईकाशी बोटानं बोलतो — किती, कधी, कुठं दुखतंय गाडीला. मी मात्र अजून चॅनलवर बोलतो. आता सगळेच म्हणतात, या सिनेमांत काही राम राहिला नाही. मीही म्हणतो. तो बोटीवाला सिनेमा मी नंतर घरी एकट्यानं लावला होता. त्या नावाच्या जागेपर्यंत आलो आणि बंद केला.

परवा गाडी कुथायला लागली म्हणून गॅरेजवर गेलो. त्यानं प्लग काढून साफ केला, पुन्हा बसवला. पैसे घेत नाही तो माझ्याकडून, कधीच घेतले नाहीत. हात पुसता पुसता माझ्याकडं न बघता म्हणाला, "ति-तिघांत एक तू-तूच खरा नि-निघालास."

मी "हां" म्हणालो. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली, तिच्यावर बसलो आणि दुकानाकडं निघालो.